चुकलेली टाळी

माझ्या हातून ताल आयुष्यात एकाच दिवशी चुकला, आणि तोही मी मुद्दाम चुकवला. एका काळ्या अमेरिकन बाईसाठी. हे कुणी मानणार नाही, मला ठाऊक आहे. दिघे मास्तरांच्या रेकॉर्ड मंडळात त्या रविवारी सकाळी मी बोलायला उभा राहिलो, तेव्हाही सुरुवात हीच केली.

"कुणी मानणार नाही म्हणता आणि दर वर्षी सांगता," दिघे मास्तर म्हणाले.

"दर वर्षी मंडळी नवीन असतात, मास्तर. जुनी मानेनाशी झाली की नवीन बघावी लागतात."

मंडळी हसली. दादरच्या एका शाळेतला चित्रकलेचा वर्ग, पोरांचे ठेंगणे बाक, त्यांच्यात कशीबशी गुडघे अडकवून बसलेली जुन्या तव्यांची, म्हणजे रेकॉर्डींची, वेडी माणसं. दिघे मास्तर निवृत्त झाले ते शास्त्र शिकवून. त्यामुळे गोष्ट ऐकताना त्यांची एक भुवई कायम वर. टेबलावर चावीचा ग्रामोफोन, आणि शेजारी चोरबाजारातून त्यांनी मिळवलेला आमच्या त्या गाण्याचा तवा. शेवटी तो वाजवायचा, आधी मी बोलायचं, असं ठरलेलं. सगळ्यात मागे तपकिरी शाल घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. भाचीनं आणून बसवलेल्या. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांनी डोळे मिटले. माझ्या गोष्टीत माणूस झोपला की मला राग येतो. पण म्हटलं, वय आहे.

तर, लढाई संपून वर्ष झालं होतं. परळला आमचा स्टुडिओ. स्टुडिओ कसला, गिरणीचं जुनं गोदाम. वर पत्रे. टेक घ्यायच्या आधी एक माणूस बांबू घेऊन चिमण्या हाकलायचा, खिडक्यांना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, पंखे बंद. माइक एकच, सगळ्यांना मिळून. गाणारी बाई माइकाच्या तोंडाशी, तिच्यामागे सारंगी, मग व्हायोलिनं, मग कोरस, आणि आम्ही तालवाले पार भिंतीला. कोण किती मोठा, हे माइकापासूनच्या अंतरावरून कळायचं. मी भिकाजी गुरव. देवगडकडचा. आमच्या घरात सात पिढ्या देवापुढे पखवाज. पण सिनेमात पखवाजाला काम किती, म्हणून मी ढोलक वाजवायचो आणि टाळ्यांच्या माणसांचा मुकादम होतो. गाण्यात टाळी हवी असली की चार माणसं उभी करायची आणि ती एका हातानं वाजल्यासारखी वाजवून घ्यायची, हे माझं काम.

"एका हातानं टाळी," कुणीतरी पुटपुटलं.

"ऐका हो."

आमच्याकडे ट्रंपेट वाजवायला मिंगेल होता. गोव्याचा. सकाळी आमच्याकडे, संध्याकाळी एका बड्या हॉटेलात साहेबलोकांच्या नाचाला. त्या हॉटेलात तेव्हा एक अमेरिकन गायिका होती, ओडेसा टल नावाची. सोल्जरांसमोर गायला म्हणून तिची मंडळी आली होती. लढाई संपली, मंडळी फुटली, ही इथंच अडकली. मिंगेल रोज तिच्यामागे उभा राहून वाजवायचा. तिचं एक गाणं त्याच्या डोक्यात बसलं. एके सकाळी ते त्यानं आमच्या पागेबुवांना वाजवून दाखवलं. बुवा म्हणजे आमचे संगीत दिग्दर्शक, नाटकातून आलेले, डोक्याला जरीची टोपी. बुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हे हिरॉइनीला झोपाळ्यावर देऊ."

झालं. चालीवर हिंदी शब्द बसले, झोपाळा बसला, गाणारी बाई बसली. एक गोष्ट बसेना. चाल जी हॉटेलात उड्या मारायची, ती आमच्याकडे येऊन आजारी पडल्यासारखी झाली. बुवा म्हणाले, "मिंगेल, ही लंगडतेय."

मिंगेल म्हणाला, "बुवा, टाळी भलत्याच जागी पडता. ती बाई टाळी दुसरीकडे देता."

"दुसरीकडे म्हणजे?"

मिंगेलला दाखवता येईना. तोंडानं वाजवणारा माणूस, हातात त्याच्या काही नव्हतं.

"मग तिलाच बोलाव उद्या," बुवा म्हणाले. "अंगणात बसव. भिक्याला टाळी शिकवू दे, आणि जाऊ दे. पण गाणं तिच्या कानावर पडता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. आमच्या अंगणात एक बदामाचं झाड होतं, नळ होता, आणि नळाशेजारी कॅन्टीनवाल्याचा कपडे धुवायचा दगड. झाडाखाली बाक टाकला. उंच बाई. डोक्यावर टोपी, हातात पांढरे मोजे, आणि रंग असा की सावलीत बसल्यावर पहिल्यांदा मोजेच दिसले. फाटकावरचा भय्या तिच्याकडे बघत राहिला आणि कोरसमधल्या पोरी दारात गर्दी करून खुसखुसायला लागल्या. त्यांतली एक शालन पेडणेकर, लांब वेणीची. मिंगेल तिच्यावर खेकसला, "दात काय दाखवतंस गो, तिका उदक दी." शालननं पाणी आणून दिलं आणि मग तिथंच रेंगाळली. पुढं लग्न होऊन ती बेळगावला गेली म्हणतात. आता आहे की नाही, देव जाणे.

मागच्या बाईंनी डोळे उघडले. म्हटलं, आली गोष्ट पकडीत.

ओडेसाबाईंनी मोजे काढून मांडीवर ठेवले आणि मला विचारलं, मिंगेलकरवी, की तू कसा मोजतोस. मी मोजून दाखवलं. समेवर टाळी. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा समेवर टाळी देतं. ती हसली. तिनं समेवर पाय आपटला, टाळी दिलीच नाही. टाळी आली दोन पावलांच्या मधल्या मोकळ्या जागेत, आणि तीही जरा उशिरा. पान वाढल्यावर मानी पाहुणा जसा जरा थांबून जेवायला उठतो, तशी.

मी करून बघितलं. हात आपले समेकडे पळायचे. सात पिढ्यांची सवय हो. ती मानेनं नाही म्हणायची, पुन्हा करायची. मग तिनं नळाकडे बघितलं. उठली, कॅन्टीनवाल्याचं ओलं फडकं घेतलं, आणि दगडाशी उभी राहिली. फडकं वर उचलताना पाय आपटला आणि तोंडानं सूर धरला. फडकं दगडावर पडलं, फट्, ती टाळी.

मिंगेल म्हणाला, "ती म्हणता, मोजू नको. उचल आणि पडू दे. तिची आई लोकांचे कपडे धुवायची आणि हे गाणं म्हणायची. आईचं गाणं ते. टाळी म्हणजे कपडा पडता तो."

आमच्या गावच्या विहिरीवर रोज सकाळी हाच आवाज. जन्मभर ऐकलेला, पण त्याला कुणी ताल म्हटलं नव्हतं. तो एकदा कानात शिरल्यावर पुढचं काही शिकावं लागलं नाही. माझी टाळी तिच्या टाळीवर पडायला लागली.

मग तिनं तोंड मिटून नुसता हुंकार धरला. आणि आता हे तर मुळीच कुणी मानणार नाही, पण व्हरांड्यात बुवांची पेटी ठेवलेली होती, ती आपोआप गुणगुणायला लागली.

"भाता बंद असताना?" दिघे मास्तरांनी विचारलं.

"भाता बंद असताना."

"शास्त्रात बसत नाही हे, भिकूभाऊ."

"ती शास्त्रात कुठं बसली होती, मास्तर? बाकावर बसली होती."

मास्तर वर्गाकडे बघून म्हणाले, "गेल्या वर्षी पेटीऐवजी तंबोरा होता." पुन्हा हशा. मीही हसलो. असले बारीक चिमटे चालतात. गोष्टीला मिठासारखे लागतात ते.

तेवढ्यात आमच्या चहावाल्यानं किटली घेऊन आतलं दार उघडलं, आणि उघडं दार म्हणजे झाकण नसलेलं तोंड. आत तालीम चालू होती. गाणं धो धो बाहेर आलं.

ओडेसाबाईंचा हुंकार थांबला. हात वरच राहिले. दार बंद होईपर्यंत, म्हणजे पुरं एक कडवं, तिनं ऐकलं. मला वाटलं, आता ओरडेल. ती बाकावर बसली, मोजे उचलले, आणि एकेक बोट नीट ओढून हातात घालू लागली. मग मिंगेलशी बोलली. मिंगेल मान खाली घालून उभा. मी म्हटलं, "काय म्हणते?" मी पुन्हा विचारलं.

"म्हणता, ही पहिली वेळ न्हय," मिंगेल म्हणाला. "तिच्या गावी ती तंबूत गायची. रेकॉर्डवाले आले, ऐकून गेले. मग एका गोऱ्या पोरीकडून ते गाणं गाऊन घेतलं. ती पोर मोठी झाली. ही एकदा दुकानात मीठ घेत होती, तिथं रेडिओवर लागलं. म्हणता, श्वास कुठं घ्यायचा तोसुद्धा माझाच घेतला होता तिनं. आता इथं, समुद्र ओलांडून, तेच."

"मग? भांडते का?"

"भांडत नाही. उद्या सकाळी तिची बोट आहे. म्हणता, नाव नको, काही नको. आजपर्यंत एकाही रेकॉर्डवर तिचा आवाज नाही. सगळीकडे तिचं गाणं आहे, ती नाही. म्हणता, मागं कुठंतरी उभी करा. कोरसच्या मागं. टाळी देईन, शेवटी एकदा हुंकार धरीन. एका तव्यावर तरी माझं तोंड असू दे."

शालन तिथंच उभी होती, पाण्याचा तांब्या छातीशी धरून. खुसखुस केव्हाच बंद झाली होती.

मी आत गेलो. बुवांना बाजूला घेऊन सांगितलं. बुवा वाईट माणूस नव्हते. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"भिक्या, आत पैसे घालणारे शेठ बसलेत. गाणाऱ्या बाई बसल्यात. ती आत आली की गाणं कुणाचं, हा प्रश्नही तिच्याबरोबर आत येणार. त्याला मी कुठं उभा करू? माइक एकच आहे." मग म्हणाले, "तुला टाळी आली ना?"

"आली."

"मग झालं. उभा राहा."

इथं मी नेहमी जरा थांबतो. पाणी पितो. दिघे मास्तरांची भुवईसुद्धा खाली आली होती.

तर मी उभा राहिलो. माझ्यामागे माझी माणसं. चिमण्या हाकलल्या, पंखे बंद झाले, लाल दिवा लागला. आणि मी चुकलो.

मंडळी, चुकणं ही सोपी गोष्ट नाही. ज्याला येत नाही तो कसाही चुकतो. पण ज्याला येतं त्याला चुकायचं असेल तर त्याला हात बांधल्यासारखं होतं. टाळी जिथं पडायची तिथं हात ओढला जातो, आणि तो धरून ठेवावा लागतो, कुत्रा साखळीला धरावा तसा. पहिल्यांदा मी टाळी घाईत दिली. बुवा म्हणाले, "चालायचं, पुन्हा." दुसऱ्यांदा समेवर दिली. तिसऱ्यांदा दिलीच नाही. तेव्हा एक वाद्य चुकलं की सगळं पहिल्यापासून. गाणाऱ्या बाईंनी पदर कमरेला खोचला. शेठ काचेमागून हात नाचवायला लागले. पत्रे तापलेले, व्हायोलिनवाल्यांच्या हनुवटीखालचे रुमाल पिळून घ्यावेत असे भिजलेले.

बुवा माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "गुरवाचा ना तू? देवापुढं ताल धरणाऱ्या घरातला? तुझा बाप जिवंत असता तर आज त्यानं कान धरून नेलं असतं तुला."

हे लागलं. पण मी म्हटलं, "बुवा, मला येत नाही. ज्याची टाळी त्यालाच येते. हवी तर तिला बोलवा, नाहीतर झोपाळ्याची दोरी कापा."

बुवा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. मी कळू दिलं. पुन्हा एक टेक झाला, पुन्हा मी चुकलो, आणि गाणाऱ्या बाई म्हणाल्या की मी आता गाडी मागवते. तेव्हा शेठच काचेमागून बाहेर आले आणि ओरडले, "अरे, त्या हबशिणीला आणा आत, उभी करा कुठंतरी, आणि संपवा."

मी स्वतः दार उघडलं. ती आत आली. टोपी काढली, बूट काढून दाराशी ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं, आमचे बघितले असतील. कोरसच्या मागं, माझ्या शेजारी उभी राहिली. लाल दिवा लागला. आणि ती टाळी पडली, मंडळी. चाल उठून चालायला लागली. गाणाऱ्या बाईंचा आवाजसुद्धा वेगळा झाला. आपण कुणाचं गातोय हे गळ्याला कळलं असावं. शेवटी, बाईंची ओळ संपता संपता, मागून तिचा हुंकार आला. टेक संपला. तिनं बूट घातले आणि गेली. दुसऱ्या दिवशी बोट. पुन्हा मला ती दिसली नाही. पण त्या तव्यावर ती आहे.

"लावा, मास्तर," मी म्हटलं.

मास्तरांनी चावी दिली, सुई बदलली. खरखर आली, मग ट्रंपेट, मग टाळी. दोन पावलांच्या मधली, जरा उशिराची. वर्गातल्या माणसांचे हात आपोआप बाकावर पडायला लागले, आणि बहुतेकांचे चुकायला लागले. एकाचेच बरोबर पडत होते. मागच्या त्या बाईंचे, शालीच्या आत. माझं लक्ष होतं, पण मी गोष्टीच्या धुंदीत होतो. शेवटची ओळ आली. ओळीच्या खालून तो हुंकार उठला, गाणाऱ्या बाईंच्या आवाजाला हात देऊन बाजूला झाला, आणि सुई आतल्या वर्तुळात फिरत राहिली.

"ती," मी म्हटलं. "ती ओडेसा टल."

दिघे मास्तरांनी चष्मा काढला. पुढच्या बाकावरचा एक माणूस नाक पुसत होता. दर वर्षी कुणीतरी पुसतं.

"बेळगाव नव्हे, धारवाड," मागून आवाज आला.

सगळे वळले. मागच्या बाई भाचीचा हात धरून उठत होत्या. बाकात गुडघे अडकले होते, वेळ लागला.

"काय म्हणालात, आजी?" मास्तरांनी विचारलं.

"लग्न होऊन मी धारवाडला गेले. आणि आहे अजून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. वेणी नव्हती, पांढरा अंबाडा होता. "गोष्ट चांगली सांगता, भिकूभाऊ. पेटीचं तर फारच छान. पण तो हुंकार माझा आहे."

मी म्हटलं, "शालन."

"तुम्ही आत गेल्यावर तिनं मला शिकवला. झाडाखाली. म्हणाली, म्हणजे मिंगेलनं मला सांगितलं, की मला आत घेणार नाहीत, तू हा आत घेऊन जा. मी घेऊन गेले." त्या मास्तरांकडे वळल्या. "ती आत आलीच नाही हो. पायरीवर बसली होती, बूट पायात. मी कोरसमध्ये खिडकीशी उभी होते. खिडकीवरची गादी मी बोटानं जरा सरकवली. म्हटलं, तिची टाळी थोडी तरी आत येईल. ती बाहेरून देत होती, आमच्याबरोबर, शेवटपर्यंत. मी किती वर्षं ग्रामोफोनला कान लावून हा तवा ऐकलाय. तिची टाळी नाही आली."

सुई अजून फिरत होती. कुणी उचलली नाही.

"आणि टेक एकच झाला," त्या म्हणाल्या. "पहिलाच. बुवांनी तुमची पाठ थोपटली होती. तुम्ही एकदाही चुकला नाहीत, भिकूभाऊ."